पहिला ड्रोन: स्टिक सोडल्यावर तो काय करतो?

पहिला ड्रोन ठरवताना मी बरेच दिवस वजन, कॅमेरा, उड्डाणाची मिनिटं आणि पल्ला यांची तुलना करत होतो. त्यातून निर्णय काही होईना. मग एकच गोष्ट बघायचं ठरवलं: हवेत असताना रिमोटवरची उजवी स्टिक सोडली तर हा ड्रोन काय करेल? तिथून पुढे निवड सोपी झाली. सुरुवात करणाऱ्यांना उपयोग होईल म्हणून आतापर्यंतचा प्रवास इथे लिहून ठेवतोय.

जीपीएसवाला कॅमेरा ड्रोन स्टिक सोडताच स्वतः ब्रेक लावतो आणि जागेवर उभा राहतो. वाऱ्याने ढकललं तरी परत जागेवर येतो. अँगल मोडमधला साधा ड्रोन स्टिक सोडल्यावर फक्त सपाट होतो, थांबत नाही. मिळालेल्या वेगाने सरकत राहतो आणि त्याला थांबवायला उलट बाजूला स्टिक द्यावी लागते. अ‍ॅक्रो मोडमध्ये तर तो सपाटही होत नाही. ज्या कोनात सोडला त्याच कोनात राहतो, कारण तिथे स्टिक कोन ठरवत नाही, फिरण्याचा वेग ठरवते.

थोडक्यात, ड्रोन हवेत कोण सांभाळणार, सेन्सर की आपण, हे आधी ठरवायचं. ज्यांना वरून फोटो आणि व्हिडिओ हवेत त्यांनी बिनधास्त सेन्सरवर सोपवावं. डीजेआयची मिनी मालिका त्यासाठीच आहे. त्यातले बरेच ड्रोन २४९ ग्रॅमचे असतात, कारण अनेक देशांच्या नियमांत २५० ग्रॅमपाशी रेषा आखलेली आहे. तुमच्याकडचे नियम मात्र खरेदीआधीच वाचा. वजन रेषेखाली आहे म्हणून कुठेही उडवता येतं असं नाही.

मला उडवणं शिकायचं होतं, म्हणून मी व्हूप घेतला. व्हूप म्हणजे तळहातावर मावणारा, प्रत्येक प्रॉपभोवती, म्हणजे फिरत्या पात्यांभोवती, गोल कडं असलेला ड्रोन. कर्णावरच्या दोन मोटरींमधलं अंतर साधारण ६५ किंवा ७५ मिलीमीटर, बॅटरी एका सेलची. भिंतीला धडकला तर उसळून खाली पडतो आणि बहुतेक वेळा तसाच पुन्हा उडतो. शिकताना याहून मोठी सोय नाही. धडकेची भीती गेली की अंगठे मोकळे होतात. याच कड्यांमुळे वारा त्याला सहज उचलून नेतो, त्यामुळे बाहेर उडवायचा तर हवा अगदी शांत हवी.

टेलो नावाच्या छोट्या ड्रोनचाही विचार मनापासून केला होता. २०१८ साली आलेला, ८० ग्रॅमचा, एका बॅटरीत साधारण १३ मिनिटं उडणारा. जीपीएस नाही, पण पोटाखालचा छोटा कॅमेरा जमिनीची नक्षी बघून जागा धरून ठेवतो, आणि स्क्रॅच किंवा पायथनमधून त्याला आज्ञा देता येतात. ज्यांना प्रोग्रामिंगची आवड आहे त्यांनी या जातीचा ड्रोन जरूर बघावा. फक्त जमीन नीट दिसली पाहिजे. अंधुक उजेड, चकचकीत एकरंगी फरशी किंवा पाणी असेल तर खालच्या कॅमेऱ्याला धरायला काही सापडत नाही आणि ड्रोन भरकटतो.

‘उंची आपोआप धरतो’ असं लिहिलेल्या स्वस्त खेळण्यांबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण नवशिके तिथेच सर्वांत जास्त गोंधळतात. अशा ड्रोनमध्ये हवेचा दाब मोजणारा बॅरोमीटर असतो. समुद्रसपाटीजवळ एक मीटर वर गेलं की दाब साधारण १२ पास्कलने कमी होतो. म्हणजे वीतभर उंचीचा फरक ओळखायचा तर दोन-तीन पास्कल अचूक मोजावे लागतात. खोलीचं दार धाडकन लागलं किंवा पंख्याचा झोत आला तरी दाब त्याहून जास्त हलतो आणि ड्रोन विनाकारण वर-खाली होतो. शिवाय बॅरोमीटर धरतो ती फक्त उंची. आडवं सरकणं त्याला कळतच नाही. ड्रोन सरकायला लागला की नवशिक्याला वाटतं आपलंच काहीतरी चुकतंय. खरं तर त्या यंत्रात ते थांबवणारं काहीच नसतं. अशा खेळण्यांत बहुधा ब्रशवाल्या कोअरलेस मोटरी असतात. त्यांचे ब्रश झिजतात आणि काही तासांच्या उड्डाणानंतर जोर कमी होतो. म्हणून ब्रशलेस मोटर ही माझी पहिली अट होती. दुसरी अट सुट्या भागांची: प्रॉप, मोटर, फ्रेम आणि बॅटरी वेगवेगळी मिळायलाच हवी.

व्हूपच्याही आधी मी रिमोट घेतला, आणि हा क्रम मी प्रत्येकाला सुचवेन. ड्रोन बदलत राहतात, रिमोट वर्षानुवर्षं राहतो. एक्स्प्रेसएलआरएस ही मुक्त स्रोत रेडिओ प्रणाली असलेला रिमोट निवडला, कारण तिच्यावर चालणारे व्हूप भरपूर आहेत. रिमोट आणि ड्रोनमधल्या रिसीव्हरच्या सॉफ्टवेअरची मुख्य आवृत्ती जुळावी लागते, नाहीतर दोघं जोडले जात नाहीत. आवृत्ती दोनचा रिमोट आवृत्ती तीनच्या रिसीव्हरशी बोलत नाही, एवढं घेतानाच तपासा. असा रिमोट यूएसबीने संगणकाला जोडला की जॉयस्टिक म्हणून चालतो, आणि लिफ्टऑफ किंवा व्हेलोसिड्रोनसारख्या सिम्युलेटरमध्ये सराव सुरू होतो.

सिम्युलेटरमध्ये मी थेट अ‍ॅक्रोपासून सुरुवात केली. सगळ्यात जड गेला तो थ्रॉटल, म्हणजे मोटरींचा जोर कमी-जास्त करणं. या रिमोटवर थ्रॉटलच्या स्टिकला मध्यावर आणणारी स्प्रिंग नसते. ठेवाल तिथे ती राहते, आणि उंची सतत आपणच सांभाळायची. वळताना ड्रोन कलला की त्याचा काही जोर आडवा खर्च होतो, म्हणून वळणाबरोबर थ्रॉटल किंचित वाढवावा लागतो. हे वाचून कळतं, पण अंगठ्याला कळायला आठवडे लागतात. आता गेटमधून सलग फेऱ्या होतात. खाली झेपावून पुन्हा वर येताना मात्र अजून जमिनीला टेकतो.

खरा व्हूप हातात आल्यावर गॉगल (ड्रोनच्या कॅमेऱ्याचं चित्र थेट डोळ्यांसमोर दाखवणारा) लगेच लावला नाही. अँगल मोडमध्ये, डोळ्यांसमोर ठेवून उडवायला घेतला. शेपूट आपल्याकडे असताना एका जागी तरंगवणं लवकर जमलं. कडेने दिसत असताना वेळ लागला. नाक आपल्याकडे असतानाचं हॉव्हर हीच खरी पायरी, कारण तिथे डावं-उजवं उलटं होतं. रेडिओ कंट्रोल विमानं उडवणाऱ्यांची एक जुनी युक्ती इथे फार कामाला आली: नाक समोर असताना जी बाजू खाली गेली तिच्याकडे स्टिक न्यायची, जणू त्या बाजूला खालून टेकू देतोय. असा विचार केला की डोक्यात उलटापालट करत बसावं लागत नाही.

गॉगल लावणार असाल तर हे सगळं कशाला, असं काही जण म्हणतात. गॉगलमध्ये आपण ड्रोनच्या नाकावरच बसलेले असतो, त्यामुळे दिशेचा प्रश्न येत नाही, हे खरं. पण चित्र मध्येच तुटलं तर ड्रोन डोळ्यांनी बघून उतरवता यायला हवा, आणि पुढे कॅमेरा ड्रोन घेतला तरी ही नजर लागतेच. माझ्या मते हे कौशल्य वगळू नये.

बॅटरीची शिस्त पहिल्या दिवसापासून लावून घेतली. साध्या लायपो (लिथियम पॉलिमर) सेलला पूर्ण चार्ज म्हणजे ४.२ व्होल्ट, लाय-एचव्ही लिहिलेल्याला ४.३५. दोन्हींसाठी चार्जरची सेटिंग वेगळी असते. सेल ३.५ च्या आसपास आला की मी उतरवतो. व्हूपमध्ये तीन-चार मिनिटांतच ती वेळ येते, म्हणून एका बॅटरीवर सराव होत नाही, चार-सहा तरी हव्यात. गरम बॅटरी लगेच चार्जरला लावत नाही, आणि दोन-तीन दिवस उडवणार नसेन तर सेल ३.८ व्होल्टवर ठेवतो. फुगलेला सेल पुन्हा वापरायचा नाही, यात तडजोड नाही.

सध्या नाक-समोरचं हॉव्हर जमतंय, चौकोन नीट होतो, इंग्रजी आठचा आकार एका बाजूला अजून फुगतो. डावं वळण उजव्यापेक्षा कच्चं आहे, म्हणून आता फक्त डावीकडच्या फेऱ्या घेतोय. आठ दोन्ही बाजूंनी सारखा झाला की गॉगल लावून व्हूपवर अ‍ॅक्रो सुरू करणार आहे. ज्यांनी अँगलमधून अ‍ॅक्रोत जाताना रेट्स (स्टिक दिल्यावर ड्रोन किती वेगाने फिरेल ते आकडे) कमी ठेवून सुरुवात केली त्यांनी आपले आकडे जरूर सांगा. मी रोल (बाजूला कलणं) आणि पिच (पुढे-मागे कलणं) यांचे रेट्स आधी खाली आणून बघायच्या विचारात आहे.