थोरल्या मामींचा हेल

शुक्रवार, रात्री उशिरा

बार्शीहून परत आले. अंगाला अजून एसटीचा आणि उदबत्तीचा वास आहे. झोप येत नाही म्हणून वही काढली.

आत्या बुधवारी गेली. आज सकाळी सावडण्याचं आटोपलं. या सगळ्यात मला एकदाही रडू आलं नाही, याचं माझं मलाच कसंतरी वाटतंय. पोचले तेव्हा तिला ओसरीवर ठेवलं होतं, भोवती बायका. रडून रडून दमल्या होत्या. दारात नवं माणूस आलं की पुन्हा एक उसळी, की परत शांत. कुणीतरी मध्येच गॅसवर चहा ठेवून येत होतं.

मग थोरल्या मामी आल्या. आत्याच्या थोरल्या जाऊबाई, पंच्याऐंशीच्या पुढच्या. रानातल्या वस्तीवरून त्यांना नातवानं मोटारसायकलवर आणलं होतं. आत आल्याच नाहीत. उंबऱ्याशी बसल्या, पदर तोंडावर घेतला आणि हेल काढला.

लहानपणी आम्ही भावंडं या हेल काढून रडण्याला हसायचो. गोधडीत तोंड घालून नकला करायचो. ‘खोटं रडतात’ असं आमचं ठाम मत होतं, कारण सुरात कोण रडतं? काल पहिल्यांदा नीट ऐकलं. एका वरच्या सुरावर ओळ सुरू व्हायची, तिथेच बराच वेळ थरथरत राहायची, मग दोन-तीन सूर घसरत खाली यायची आणि शेवटच्या ‘गं’वर श्वास संपायचा. मग ‘हुं’ असा एक हुंदका, श्वास, की पुन्हा वर. दर ओळीला आवाज त्याच जागी फाटत होता.

आणि शब्द! आधी कौतुक होतं: हातची भाकरी, पाटावरचं धुणं, बाळंतपणात उशाशी जागलेली रात्र. मग हळूच पातं फिरलं. ‘पंचमीला गाडी आलती गंऽऽ, बंधू दारात हुबा गंऽऽ, न्हाई ओ धाडली तिला भावजीऽऽ…’

भावजी, म्हणजे आत्याचे यजमान, आमचे मामा, खांबाला टेकून बसले होते. मान खाली. सगळ्या भावकीसमोर, दारात बसून, एक म्हातारी त्यांचा सत्तावन्न वर्षांपूर्वीचा गुन्हा सुरात वाचून दाखवत होती. कुणी ‘गप बसा’ म्हणालं नाही. हेल चालू असताना बाईला अडवत नाहीत. तीच बाई एरवी त्याच ओसरीवर एवढं वाक्य बोलली असती तर घरात काय झालं असतं!

दारात उभा तो बंधू म्हणजे बाबा. लग्नानंतरची पहिली पंचमी. गाडी जुंपून ते न्यायला गेले होते, संध्याकाळपर्यंत थांबले, आणि मोकळी गाडी घेऊन परत आले. हे मला कालपर्यंत माहीत नव्हतं. बाबा अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. त्यांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली, आणि पुन्हा घातली.

हेल थांबला. मामींनी नाक शिंकरलं, पदर सारखा केला आणि अगदी रोजच्या आवाजात मला विचारलं, ‘च्या घेतलास का गं पोरी?’

शनिवार

क्लासला जायचं नव्हतं, तरी गेले. यमन चालू आहे. वरच्या षड्जावर आवाज चिरकला तशी बाईंनी तंबोऱ्यावरून मान वर केली. ‘फाटतोय. दाबू नका, मोकळा सोडा.’ बरोबरच आहे त्यांचं. गेली पाच वर्षं मी आवाजातल्या भेगा बुजवायला शिकतेय.

पण आज डोक्यात मामी. घरी येताना रिक्षात विचार करत होते, की मराठीत गायचा तो राग आणि येतो तोही रागच, तरी बैठकीत हा दुसरा राग कुठे ऐकलाय मी? ख्यालात विरह भरपूर. पाऊस आहे, देव आहे, मनधरणी आहे. नायिका रुसते, फार तर सवतीला टोमणा मारते. पण संतापून ताडकन उठलेली बाई? अडाणा, शंकरा यांना वीरवृत्तीचे राग म्हणतात. तो आवेश झाला, संताप नाही. दुःखाला आपण गादी-तक्के दिले, अत्तर लावलं. रागाच्या हातात डफ दिला आणि त्याला चौकात उभं केलं.

रात्री फोनवर हे बाबांना सांगितलं. ते थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, ‘अमर शेख ऐकायला पाहिजे होतास तू.’ बाबा भावनेच्या भरात मला मुलगा समजून बोलतात. शाहीर अमर शेख बार्शीचेच. १९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे आणि गव्हाणकरांबरोबर त्यांनी लालबावटा कलापथक काढलं. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांच्या वेळी बाबा तेरा-चौदा वर्षांचे होते. ‘काय गायलं ते आठवत नाही आता. पण माझे कान तापले होते, एवढं आठवतं,’ म्हणाले. कान तापले. कुठल्या समीक्षकानं असं लिहिलेलं मी वाचलेलं नाही.

रविवार

दुपारभर बेगम अख्तर.

त्यांची हकीकत माहीत होती, आज ती वेगळी लागली. फैजाबादच्या अख्तरीबाई. १९४५ मध्ये लखनौच्या बॅरिस्टर इश्तियाक अहमद अब्बासींशी लग्न झालं आणि गाणं बंद. खानदानी घरातली बाई गाणार कशी? वर्षं गेली, बाई आजारी पडत गेल्या. १९४९ मध्ये लखनौच्या रेडिओवर त्या पुन्हा गायल्या, आणि गाऊन झाल्यावर रडल्या असं सांगतात. पुढे त्या गात राहिल्या त्या १९७४ मध्ये अहमदाबादच्या मैफलीत तब्येत बिघडेपर्यंत. त्यातच गेल्या.

त्यांचा आवाज वर जाताना एका जागी तडकतो. काचेला चीर जावी तसा, क्षणभर. कुठल्याही क्लासमध्ये त्यांना बाईंनी थांबवलं असतं. आणि गंमत अशी की तो तडा आला की ऐकणारे ‘वाह’ म्हणतात. मी आजवर ‘काय दर्द आहे’ म्हणून सोडून द्यायचे. आज एकच गझल चार वेळा लावली. चौथ्यांदा दर्द वगैरे काही ऐकू येईना. तक्रार ऐकू आली. ठाम, शिष्टाचार सांभाळून केलेली, पण तक्रारच. ‘तुम्ही हे केलंत’ असं कुणालातरी समोर बसवून सांगणं. गझलेत म्हणायला प्रियकर असतो, त्याच्या जागी कुणालाही बसवता येतं. त्या दिवशी ओसरीवर खांबाला टेकून बसलेल्या माणसालाही.

(संध्याकाळी टीव्हीवर गाण्याची स्पर्धा. स्पर्धक रडला, परीक्षक रडले, मागे व्हायोलिनं रडली. मी कांदा चिरत होते, तरी डोळ्यांत पाणी नाही.)

सोमवार

ऑफिसला जाताना रोज पूर्व द्रुतगती मार्गावरून घाटकोपरचं रमाबाई आंबेडकर नगर लागतं. रोज मी मोबाईलमध्ये असते. आज मान वर केली.

११ जुलै १९९७. सकाळी बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झालेली, लोक रस्त्यावर उतरले आणि राज्य राखीव पोलिसांनी गोळ्या झाडल्या. दहा माणसं गेली. ते असह्य होऊन लोकशाहीर विलास घोगरे यांनी चार दिवसांनी स्वतःचा जीव दिला. आनंद पटवर्धनांचा ‘जय भीम कॉम्रेड’ हा माहितीपट तिथूनच सुरू होतो. त्याआधी १९८५ च्या ‘हमारा शहर’मध्ये घोगरे गाताना दिसतात. मजुराची करुण कहाणी ऐकायला लोकांना जवळ बोलावतात. ओरडत नाहीत. गोष्ट सांगायला बसल्यासारखे गातात.

मामींना उंबरा होता. ज्याच्यावर राग तो समोर होता, मान खाली घालून. घोगऱ्यांच्या समोर कोण होतं?

यापुढे आज लिहवत नाही.

बुधवार

नीना सिमोन, अमेरिकेतली काळी गायिका. हे नाव मला भाच्यानं दिलं, मागे कधीतरी. तेव्हा दोन मिनिटं ऐकून बंद केलं होतं, कारण पियानो उड्या मारत होता आणि मला वाटलं काहीतरी पार्टीचं गाणं आहे.

फसण्यासाठीच ते तसं केलंय. तिला व्हायचं होतं शास्त्रीय पियानोवादक. लहानपणापासून बाख वाजवायची. १९५१ मध्ये फिलाडेल्फियाच्या कर्टिस संस्थेनं तिला प्रवेश नाकारला. काळी म्हणून, असं ती जन्मभर मानत राहिली. पोटासाठी बारमध्ये वाजवायला लागली, तिथे मालकानं गायलाही सांगितलं, म्हणून गायिका. १९६३ च्या जूनमध्ये मिसिसिपीत काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या मेडगर एव्हर्स यांना त्यांच्या घरासमोर गोळी घातली. सप्टेंबरात अलाबामातल्या बर्मिंगहॅमला काळ्यांच्या चर्चमध्ये बॉम्ब फुटून चार मुली मेल्या. बातमी ऐकून ती घरातल्या सामानातून बंदूक जुळवायला बसली होती. नवरा म्हणाला, तुला मारामारीतलं काय कळतं, तुझ्याकडे गाणं आहे. तासाभरात ‘मिसिसिपी गॉडॅम’ लिहून झालं. नावातच शिवी.

१९६४ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये ती ते गायली. ज्या तऱ्हेच्या सभागृहात तिला बाख वाजवायचा होता तिथेच, आणि समोर बहुतेक गोरे श्रोते. ध्वनिमुद्रणात सगळं ऐकू येतं. ती गाण्याचं नाव सांगते, लोक हसतात. नाटकातलं गाणं आहे, नाटक मात्र अजून लिहायचंय, अशा अर्थाचं काहीतरी म्हणते. पुन्हा हसू. चाल इतकी उडती की पाय हलावेत. मग मधल्या कुठल्यातरी कडव्यापासून हसू येईनासं होतं. तिचा आवाज मोठा होत नाही, कोरडा होत जातो. चाल मात्र तशीच नाचरी. ते नाचणंच मग असह्य होतं.

दक्षिणेतल्या एका रेडिओ केंद्रानं म्हणे पेटीभर तबकड्या मधोमध तोडून परत पाठवल्या.

चौकातला राग गादीवर आणून बसवलेला मी पहिल्यांदाच ऐकला. सोयीची चाल लावून, तिकिटं काढून आलेल्यांच्या तोंडावर. मामींनी हेल लावला, हिनं नाच लावला. दोघींनाही मधे कुणी अडवू शकलं नाही, कारण चालू होतं ते ‘रडणं’ आणि ‘गाणं’.

माझ्यापाशी काय आहे लावायला, असा विचार मनात आला आणि मी तो घाईघाईनं बाजूला सारला. यमन आहे. पाच वर्षं झाली.

शुक्रवार

दहाव्याला जाता येणार नाही, म्हणून मामींना फोन केला. नातवानं मोबाईल त्यांच्या कानाला धरला असावा. आधी बराच वेळ शेळ्याच ऐकू येत होत्या.

इकडचं तिकडचं झाल्यावर मी धीर करून म्हटलं, ‘मामी, तुम्ही त्या दिवशी हेल काढलात ना, तो मला लिहून घ्यायचाय. सांगाल का परत?’

‘ते काय गाणं हाय व्हय गं?’

‘चाल होती की त्याला.’

‘आसंल. मानूस गेल्याबिगर त्वांडात येत न्हाई ते.’ मग थोडं थांबून, ‘भावजी त्या दिसापास्नं जेवलं न्हाईत धड. मीच डबा धाडती.’

मला काय बोलावं कळेना. पंचमी पंधरा दिवसांवर आली, असं काहीतरी मी पुटपुटले.

‘तुमच्याकडं कोन काढतं का गं हेल? कुनी गेल्यावर?’

‘नाही मामी. इथं कुणाला येत नाही.’

‘मंग काय करत्यात?’

मी स्मशानातली शांतता आठवत राहिले, पांढरे कपडे, मोबाईल सायलेंटवर. त्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही. सोयाबीन गुडघ्याला आलंय, पाण्यावाचून माना टाकायला लागलंय, ‘तिकडं पाऊस हाय का?’ म्हणाल्या. आहे, म्हटलं. खिडकीबाहेर धो धो पडतच होता.