एसेक्सची चिकणमाती आणि आमच्या भिंतीचा तडा

2022 च्या जुलैत इंग्लंडमध्ये पारा पहिल्यांदाच 40 च्या वर गेला आणि ऑगस्टमध्ये आमच्या एसेक्समधल्या विकफर्डच्या घराला मागच्या दारापासून वरच्या खिडकीपर्यंत तिरका तडा गेला. पोटात गोळाच आला. प्लास्टरच असेल म्हणून बाहेर जाऊन बघितलं तर विटाही फाटलेल्या.

परभणीला आबांना फोन केला. म्हणाले, "अरे, काळ्या रानात घर बांधायचं तर मुरूम लागेपर्यंत खांदावं लागतं, तुझ्या घराचा पाया किती खोल?" घर 1930 च्या दशकातलं, पाया जेमतेम दोन फूट. आणि दक्षिण एसेक्समध्ये मुरूम लागणार कुठून, खाली नुसती लंडन क्ले नावाची चिकणमाती, साधारण 5 कोटी वर्षांपूर्वीचा समुद्रतळाचा गाळ, काही ठिकाणी शंभर मीटरहून जाड, खडूचा खडक त्याच्याही खाली. आपली काळी माती बसाल्ट झिजून झालेली, ही समुद्रातली, पण स्मेक्टाइट नावाचं खनिज दोन्हीत आहे, म्हणजे पाणी प्याली की फुगणार, सुकली की आकसणार.

इन्शुरन्सला कळवलं (पहिले 1000 पौंड आपल्या खिशातून). त्यांनी ड्रेनमध्ये कॅमेरा घालून बघितला, गळती नव्हती. मग पायालगत खड्डा घेतला. वरची तपकिरी माती हातात घेतली तर साबणासारखी गुळगुळीत, पण पायाखालचं ढेकूळ खडखडीत वाळलेलं आणि त्यात केसाएवढी बारीक मुळं. लॅबने सांगितलं, ओक. शेजारच्यांच्या बागेतला.

मग वर्षभर फक्त मोजमाप, तड्याच्या दोन्ही बाजूंना स्टड ठोकून दर दोन महिन्यांनी. मला वाटलं कंपनी चालढकल करतीये, भांडलोसुद्धा, पण सप्टेंबरात 6 मिमी असलेला तडा मार्चला 2 वर आला तेव्हा पटलं, दोष मातीच्या सुकण्याचाच, आणि हे वर्षभर मोजल्याशिवाय कळलंच नसतं.

मी म्हटलं, झाड तोडा. इंजिनियर म्हणाला अजिबात नाही, झाड घराच्या आधीचं आहे, तोडलं तर इतकी वर्षं सुकलेली माती पाणी पिऊन फुगेल आणि घरच वर उचललं जाईल. ओक संरक्षित, त्यामुळे कौन्सिलची परवानगी काढून फांद्या कमी केल्या, म्हणजे झाड मातीतलं पाणी कमी ओढेल, आता दर काही वर्षांनी कराव्या लागतील. त्यानंतरच तडा भरला. पायाला हात लावावा लागला नाही, जीव भांड्यात पडला.

खड्ड्यातलं एक ढेकूळ डब्यात ठेवलंय. आबा मे महिन्यात येतायत, त्यांना हातात घेऊन बघायचंय.