घशातला राखाडी पडदा

ऑगस्ट २०१७ नंतर ७ लाखांवर रोहिंग्या म्यानमार सोडून बांगलादेशात आले आणि त्याच हिवाळ्यात कॉक्स बाजारच्या छावण्यांत घटसर्प पसरला. मी परिचारिका, चर्चच्या गटाबरोबर तिथे गेले होते. या रोगात घशाला चिकटणारा राखाडी पडदा तोवर मी फक्त पुस्तकात पाहिला होता. कितीतरी मुलांना कधी लस मिळालीच नव्हती. मला अजून राग येतो याचा. अँटिटॉक्सिन (घटसर्पाच्या विषावरचा उतारा) तुटपुंजं, आधी चाचणीचा डोस, मग सलाइनमधून हळूहळू, रिअ‍ॅक्शनवर सतत नजर.

सकाळी आम्ही प्रार्थना करायचो. खाटेजवळ मात्र धर्माचा विषय काढायचा नाही, हा आमचा नियम. तो मला मनापासून पटतो. आजारी लेकराच्या आईवर उपकाराचं ओझं कशाला? तिच्या घरच्यांना अँटिबायोटिक आणि लस द्यायला आमचे स्थानिक सहकारी झोपडी-झोपडी फिरत.