‘डूकी’नंतर काय?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. ऑफिसातली नवी मुलं विचारतात, भाची विचारते, गिटार क्लासबाहेर ताटकळणारे पालकही विचारतात (त्यांना खरं तर घरातला आवाज कमी करून हवा असतो, पण ते असो). प्रश्न एकच: ग्रीन डे या अमेरिकन बँडचा ‘डूकी’ अल्बम पाठ झाला, ब्लिंक-१८२ हा बँडही झाला, आता पॉप-पंकमध्ये (म्हणजे गोड चालीच्या, धावत्या, गोंगाटी रॉकमध्ये) पुढे काय ऐकू? चाळिशीतले लोक दबक्या आवाजात आणखी एक विचारतात: या वयात हे ऐकणं बरं दिसतं का?

माझं म्हणणं, पुढे जाऊच नका. बाजूला बघा.

‘डूकी’ १९९४चा. त्याचा निर्माता रॉब कवॅलो. याच माणसाने १९९३ साली लॉस एंजेलिसच्या ‘द मफ्स’ या बँडच्या पहिल्या अल्बमवर काम केलं होतं आणि १९९५ साली त्यांच्या दुसऱ्या, ‘ब्लाँडर अँड ब्लाँडर’वरही. म्हणजे निर्माता तोच, काळ तोच, आणि दुसऱ्या अल्बमला तर ‘डूकी’ काढणारी रिप्रीझ कंपनीही तीच. एकाच्या प्रती कोटीच्या वर गेल्या, दुसऱ्याचं नावही आपल्याकडे कोणी घेत नाही. ‘क्लूलेस’ हा सिनेमा पाहिला असेल, तर सुरुवातीला वाजणारं ‘किड्स इन अमेरिका’ आठवत असेल. ते मफ्सनेच वाजवलंय. गाणं मूळचं किम वाइल्डचं, पण मला हेच जास्त आवडतं.

मफ्स म्हणजे किम शॅटक. गाणी तिची, गिटार तिची, आणि तो आवाज! ओळ अगदी गोड चालीत सुरू करायची आणि शेवटच्या शब्दावर अशी काही किंचाळायची, की स्पीकर फाटला असं वाटावं. तिचं ऐकणं साठच्या दशकातलं, किंक्स वगैरे ब्रिटिश बँड, त्यामुळे एवढ्या गोंगाटाखालीही चाल कधी हरवत नाही. ‘सॅड टुमॉरो’ एकदा ऐका. मग गिटार बाजूला ठेवून नुसतं गुणगुणून बघा. नुसत्या गळ्यावरही ते गाणं उभं राहतं. पॉप-पंकची माझी परीक्षा हीच. गिटारवर तीन-चार पॉवर कॉर्ड (दोन सुरांचे सोपे, दणदणीत कॉर्ड), धावता ड्रम, दोन-अडीच मिनिटांत खेळ खलास. एवढा साचा सगळ्यांकडे सारखाच असतो. चाल नसेल तर खाली काहीच उरत नाही.

वयाचं उत्तरही तिच्याकडेच आहे. किम शॅटक २ ऑक्टोबर २०१९ला एएलएसने गेली, ५६ वर्षांची होती. हा आजार हळूहळू शरीराचे स्नायू निकामी करतो. बँडचा शेवटचा अल्बम ‘नो हॉलिडे’ त्याच महिन्यात आला. त्यातही ती तशीच गाते, तशीच चिडते. तेव्हा चाळिशी वगैरे मला सांगू नका.

आता उत्तरेला, कॅलिफोर्नियातल्याच बर्कलीला. तिथल्या ९२४ गिलमन स्ट्रीट या क्लबात ग्रीन डे वाढले. क्लब स्वयंसेवक चालवतात आणि मोठ्या कंपनीशी करार केलेल्या बँडला तिथे वाजवू द्यायचं नाही, हा त्यांचा नियम. करार झाल्यावर तो ग्रीन डेलाही लागला. त्यांचे पहिले दोन अल्बम काढणारी लुकआउट रेकॉर्ड्स ही याच गोतावळ्यातली छोटी कंपनी. आपल्याकडे कॅसेटच्या काळात आलं ते मोठ्या कंपन्यांचं. लुकआउटचा माल इथल्या दुकानात कुठून दिसणार? म्हणून त्याच गल्लीतला ‘द मिस्टर टी एक्स्पिरियन्स’ आपल्यापर्यंत पोचलाच नाही. त्यांचा ‘लव्ह इज डेड’ (१९९६) ऐका, पण शब्दांकडे लक्ष ठेवून. डॉ. फ्रँक, म्हणजे फ्रँक पोर्टमन, हा गडी यमकांचा बादशहा आहे. प्रेमभंगाचं रडगाणं तो इतक्या चोख यमकात बांधतो, की आधी हसू येतं आणि मग कळतं, अरे, हे तर वाईट झालं की याचं. पुढे त्याने किशोरवयीनांसाठी कादंबऱ्या लिहिल्या. मला त्यात काडीचंही आश्चर्य वाटलं नाही.

लुकआउटचाच आणखी एक: वायोमिंगमधल्या न्यूकॅसल या छोट्या गावच्या ‘द लिलिंग्टन्स’चा ‘डेथ बाय टेलिव्हिजन’ (१९९९). परग्रहवासी, उडत्या तबकड्या, जुने स्वस्तातले सायन्स-फिक्शन सिनेमे. डोकं बाजूला ठेवून ऐकायचा आणि भांडी घासताना तर ऐकायचाच.

इंग्लंडातल्या संडरलंडच्या ‘लेदरफेस’चा ‘मश’ (१९९१) पॉप-पंकमध्ये धरायचा का, यावर जाणकार माझ्याशी भांडतील. भांडोत. फ्रँकी स्टब्सचा आवाज रात्रभर ओरडून बसलेल्या माणसासारखा, पण त्याच्या आणि डिकी हॅमंडच्या गिटारी एकमेकींभोवती ज्या गोड सुरावटी विणत जातात त्या पॉप नाहीत तर काय आहेत? हे शहर जहाजं बांधणारं, आणि तिथल्या गोद्या १९८८ साली बंद पडल्या. गाण्यांत तो हिशेब कुठे मांडलेला नाही, तरी मला त्यात कायम ढगाळ, बेकार दुपार ऐकू येते. पहिल्या फेरीत आवडणार नाही कदाचित. दुसरी फेरी मारा.

तिथून जवळच डरहॅम. त्याच्या शेजारच्या गावाचं नाव खरोखरच ‘पिटी मी’ आहे आणि ‘मार्था’ हा बँड तिथला. ‘कोर्टिंग स्ट्राँग’ (२०१४) हा त्यांचा पहिला अल्बम. चौघंही गातात, उत्तर इंग्लंडचे उच्चार जराही न लपवता. शाळेच्या व्हरांड्यात चुकामूक झालेलं प्रेम हा विषय हजारदा चावून झालेला, पण यांच्याकडे तो एका ठरावीक शाळेतला, ठरावीक वर्षातला वाटतो. पुढच्या अल्बममध्ये तर अराजकवादी एमा गोल्डमन यांना खासगी गुप्तहेर करून टाकलंय! असल्या आगाऊपणासाठी मी काहीही माफ करतो.

जपानच्या ‘हाय-स्टँडर्ड’ला कमी ऐकलेला म्हणणं हा खरं तर त्यांचा अपमान. तिकडे ते दैवतच आहेत. ‘मेकिंग द रोड’ (१९९९) त्यांनी स्वतःच्या ‘पिझ्झा ऑफ डेथ’ या कंपनीतून काढला आणि तो लाखांनी खपला. गाणी इंग्रजीत, उच्चार ठार जपानी, उत्साह मात्र असा की माणसाने बसल्या जागी उडी मारावी. ‘स्टे गोल्ड’ लावा आणि सांगा खोटं बोलतोय का. २०००च्या सुमारास ते थांबले आणि भूकंप-त्सुनामीच्या वर्षी, २०११ला, योकोहामाच्या स्टेडियममध्ये आपल्याच ‘एअर जॅम’ महोत्सवात पुन्हा एकत्र वाजले. त्यांचा ड्रमर अकिरा त्सुनेओका २०२३ला वारला. त्यानंतर तो अल्बम लावला की मी ड्रमच ऐकत बसतो.

‘आपल्याकडचं काहीच नाही का?’ हा भाचीचा पुढचा प्रश्न. आहे ना. मुंबईच्या ‘द लाइटइयर्स एक्स्प्लोड’चा ‘द रिव्हेंज ऑफ कालिचरण’ (२०१३). इंग्रजीतच आहे, पण कंटाळा अस्सल मुंबईचा. मराठीत असं कोणी दणकून वाजवत असेल, तर मला लगेच कळवा. मी तिकीट काढून येईन आणि पुढच्या रांगेत उभा राहीन, गुडघ्याला पट्टा बांधून का होईना.