नव्वद अंशावरची रेघ

एक्स-रे फिल्मवर ती रेघ केसाएवढी होती. रॉकेट मोटरच्या नॉझलकडच्या टोकाला, परिघावरच्या ९०° च्या खुणेवर, लायनर आणि प्रॉपेलंट (घन इंधन) जिथे एकमेकांना भेटतात तिथे. फिल्म तिघांनी पाहिली. एकाला सुटलेला जोड दिसला, दुसऱ्याला ओरखडा, तिसऱ्याने "परत घ्या" म्हणून सही टाळली.

घन इंधनाच्या मोटरीत फिरणारं काही नसतं, म्हणून बाहेरच्यांना ती दिवाळीतल्या बाणाची थोरली बहीण वाटते. खरी कारागिरी चिकटवण्यात आहे. स्टीलच्या केसिंगला आतून रबरी इन्सुलेशन, त्यावर लायनरचा पातळ, चिकटवणारा थर, त्यावर ओतलेलं आणि ओव्हनमध्ये ६०° सेल्सिअसच्या आसपास कित्येक दिवस ठेवून घट्ट केलेलं प्रॉपेलंट. थंड होताना ते स्टीलच्या साधारण दहापट आकसतं. त्यामुळे मोटर नुसती पडून असली तरी जोडावर ताण असतोच. जोड सुटून ज्वाला फटीत शिरली की जळणारा पृष्ठभाग वाढतो. दाबाचा घातांक (दाब वाढला की जळण्याचा वेग किती वाढतो ते सांगणारा आकडा) ०.३५ धरला तर पृष्ठभाग १० टक्के वाढल्यावर दाब जवळजवळ १६ टक्के चढतो. १८ एप्रिल १९८६ ला कॅलिफोर्नियातल्या व्हँडेनबर्गहून सुटलेलं टायटन ३४डी रॉकेट काही सेकंदांतच फुटलं, ते एका बूस्टरचं (बाजूला जोडलेल्या घन इंधनाच्या मोटरीचं) इन्सुलेशन केसिंगपासून सुटल्यामुळे.

असा जोड पाहायचा तर एक्स-रे किरण कडेला घासून जावा लागतो, म्हणून एका फिल्मवर परिघाची चिंचोळी पट्टीच दिसते. आमच्या कार्यपद्धतीत कोन चारच. मधलं देवाला ठाऊक. भांडून दर १५° ला शॉट घेतले. ७५° आणि ९०° वर रेघ स्पष्ट, १०५° वर पुसट. मग मोटर उणे २०° सेल्सिअसला २४ तास ठेवून पुन्हा घेतली, कारण नुसती टेकलेली फट खोलीच्या तापमानाला लपते, आकसल्यावर उघडते. रेघ रुंद झाली. ओरखडा थंडीने रुंद होत नाही.

कारण शोधायला फार लांब जावं लागलं नाही. लायनरमधल्या आयसोसायनेट हार्डनरला हवेतला ओलावा मिळाला तर तो त्यातच खर्ची पडतो आणि प्रॉपेलंटला धरायला पुरेसा उरत नाही. लायनर लावला त्या रात्रीचं रजिस्टर काढलं. आर्द्रता दर तासाला ४५, ४५, ४५. एकच पेन, एकच तिरकं अक्षर. ऐन श्रावणात, दाराची सतत उघडझाप होणाऱ्या खोलीत? ही नोंद नव्हे, शुद्धलेखन होतं. अर्थात एका माणसाकडे तीन खोल्या दिल्या की शुद्धलेखनच होणार.

मोटर कापून पाहायला हवी होती. वेळापत्रकाकडे बोट दाखवून वरून निरोप आला: स्टॅटिक टेस्टमध्ये, म्हणजे स्टँडवर जखडून, जाळा. जाळली. दाबाचा आलेख आधीच्या मोटरींच्या आलेखावर जवळजवळ तंतोतंत बसला. फक्त दोन सेकंदांनंतर ३ बारचा एक उंचवटा. इन्स्ट्रुमेंटेशनवाले त्याला नॉइज म्हणतात. त्यांच्याकडे न पटणाऱ्या प्रत्येक गोष्टीचं नाव तेच असतं.

रिकामं केसिंग उघडून इन्सुलेशन मोजलं. ९०° वर ते बाकीच्या परिघापेक्षा सव्वा मिलिमीटर जास्त खाल्लेलं. पण टेस्टला मोटर आडवी असते. ॲल्युमिनियम ऑक्साइडचा वितळलेला स्लॅग तळाला साचतो आणि तिथलं इन्सुलेशन धडधाकट मोटरीतही जास्तच खातो. आणि स्टँडवर चढवताना ९०° ची खूण नेमकी खाली आली होती, कारण क्रेनला तसं सोयीचं पडतं. चेकलिस्टमध्ये कोनाचा रकाना नाही. अर्धा फेरा फिरवायला दहा मिनिटं पुरली असती. फिल्म माझ्या हातात होती आणि मीही बोललो नाही.

त्याच रात्री लायनर लावलेल्या तीन मोटरी अजून मॅगझिनमध्ये, म्हणजे स्फोटकांच्या कोठारात, आहेत. चार कोनांतून त्या पास आहेत.