ब्रेक दाबला की येणारा आवाज

पावसाळ्यात सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकला खरखर आली तर घाबरू नका. ओल्या डिस्कवर (चाकासोबत फिरणारी लोखंडी चकती) रात्रीत धरलेला गंज घासून जातो. सिंहगड रोडवरून स्वारगेटला पोचेपर्यंतही ती थांबली नाही, तर मात्र चाक काढून बघाच.

कानात घुसणारी बारीक 'चीं' आली की बहुतेकदा डिस्कला दाबून धरणारं ब्रेक पॅड संपत आलेलं असतं. नव्या पॅडचं अस्तर साधारण 10-12 मिमी असतं. ते 2-3 मिमी उरलं की पॅडवरची पत्र्याची जीभ डिस्कला टेकून ओरडते, ती त्यासाठीच बसवलेली असते. आतलं पॅड आवर्जून बघा. बाहेरचं जाड आणि आतलं झिजलेलं असेल तर बहुतेकदा कॅलिपरची (पॅड दाबणाऱ्या पकडीची) स्लाइड पिन, म्हणजे ती पकड जिच्यावर सरकते ती पिन, अडकलेली असते. ती साफ करून ब्रेकचंच ग्रीस लावा, नाहीतर नवे पॅडही तसेच जातील.

'घर्र' असा लोखंडावर लोखंडाचा आवाज असेल तर त्या गाडीने कात्रजचा घाट कृपा करून उतरू नका. डिस्क गार झाल्यावर नख फिरवा. चऱ्यात अडकलं तर डिस्कही तपासून घ्या.

वळताना ॲक्सिलरेटर दिल्यावर 'कटकट' आली तर सीव्ही जॉइंट (चाकाला इंजिनची ताकद पोचवणारा सांधा) बघा: त्यावरचं फाटलेलं रबरी आवरण म्हणजे बूट, रिमच्या आत उडालेलं काळं ग्रीस. क्लच सोडताच 'धप्प' झालं, तर आधी इंजिन माउंटिंग, म्हणजे इंजिन धरून ठेवणारे रबरी आधार, बघा.