आमची वाटचाल: काटा, बादली आणि फॉर्म पाच

गोव्यात, फोंड्याला एका हार्डवेअरच्या दुकानावरची खोली भाड्याने घेऊन २०१० ला आम्ही दोघांनी पर्यावरण ऑडिटचा धंदा सुरू केला, मी आणि माझा पार्टनर. कारखान्यांत, हॉटेलांत जाऊन कचरा, पाणी, वीज कुठे वाया जाते ते मोजून सांगायचं. तो एका फार्मा कंपनीत ईटीपी (कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट) सांभाळायचा, मी वेर्ण्याला सेफ्टीत होतो, आणि दोघांचा राग एकच. ३० सप्टेंबर जवळ आला की कारखान्यांनी मागच्या वर्षीचा फॉर्म पाच, म्हणजे दर वर्षीचं पर्यावरण विवरणपत्र, काढायचा, आकडे जरा इकडेतिकडे करायचे, सही ठोकायची आणि प्रदूषण नियंत्रण बोर्डात नेऊन द्यायचा. खरं तर त्यातला भाग जी नीट वाचा कधी. प्रदूषण कमी करायला जे काय केलं त्याने उत्पादन खर्चात किती फरक पडला ते तिथे लिहायचं असतं, आणि आम्ही बघितलेल्या बहुतेक फॉर्मांत तिथे 'निरंक'. आमचा धंदा त्या निरंकमध्ये आहे असं पार्टनर म्हणायचा, आणि ते खरंच निघालं.

सामान म्हणाल तर फार नव्हतं. लटकवायचा डिजिटल काटा, पीएच पेपर, वायरमधला करंट मोजायचा क्लॅम्प मीटर, मापाची बादली नि स्टॉपवॉच, आणि एक लिटरचा काचेचा सिलिंडर. सिलिंडर पार्टनरचा जीव, दुसऱ्या कोणाला धुवायलासुद्धा द्यायचा नाही. एरेशन टँकमधलं (सांडपाण्यात हवा सोडायची टाकी) पाणी त्यात भरून अर्धा तास हलवायचं नाही, गाळ दोन-तीनशेच्या खुणेपर्यंत बसला नि वर स्वच्छ पाणी दिसलं की एसटीपी, म्हणजे मैलापाणी शुद्ध करायचा प्लांट, ठीक चाललाय, अगदी तळाला चिमूटभर बसला तर टाकीत बॅक्टेरियाच नाहीत, नुसता ब्लोअर फिरतोय आणि लाईटचं बिल येतंय. लॅबचा बीओडी, म्हणजे पाण्यात किती घाण उरली त्याचा रिपोर्ट, यायला दिवस जातात, हे अर्ध्या तासात कळतं. कॉम्प्रेसरचंही तसंच, जेवणाच्या सुट्टीत सगळी मशीन बंद असताना तो जर परत परत लोड घेत, म्हणजे हवा भरत, असेल तर हवा कुठेतरी गळतेय, साबणाचं पाणी घ्या आणि जॉइंट शोधा, कन्सल्टंट कशाला पाहिजे त्याला. (हे गिऱ्हाईकाला सांगू नको म्हणून पार्टनर ओरडायचा.)

पहिलं मोठं काम दिलं ते डिचोलीकडच्या एका काजू कारखान्याच्या काकींनी. नवऱ्यामागे कारखाना त्या एकट्याच बघतात, भाव करताना घाम काढतात, पण पेमेंट कधी एक दिवस उशिरा नाही. शेजाऱ्यांची धुराची तक्रार होती आणि कोणीतरी त्यांना स्क्रबर, म्हणजे धूर धुवायचं यंत्र, घ्यायला सांगितलं होतं. आम्ही जाऊन बघितलं तर बॉयलरला जाळायच्या टरफलांचा ढीग उघड्यावर, पावसात भिजलेला. काजूच्या टरफलात तेल असतं, सुकं असतानाच त्याचा धूर डोळ्यांना झोंबतो, ओलं जाळल्यावर काय होणार? पत्र्याची शेड घातली, वाफेच्या उघड्या पाइपला लॅगिंग केलं (उष्णता टिकवायचं वेष्टण), वाफ वाया घालवणारा बिघडलेला स्टीम ट्रॅप बदलला, आणि मग टरफलं उरायला लागली तेव्हा ती तेल काढणाऱ्याला विकली. स्क्रबर पुढे घेतलाच, पण त्यांना सांगितलेल्यापेक्षा लहान. तेव्हापासून काकी आमचं नाव दहा ठिकाणी सांगतात.

मधली वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

२०१८ च्या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टाने गोव्यातल्या ८८ खाण लीजचं नूतनीकरण रद्द केलं आणि मार्चमध्ये खाणी थांबल्या. आमचे अर्धेअधिक गिऱ्हाईक त्या पट्ट्यातले वर्कशॉपवाले, वापरलेलं ऑइल, फिल्टर, बॅटऱ्या, या घातक कचऱ्याचे मॅनिफेस्ट (वाहतुकीचे कागद) आणि फॉर्म चार (वार्षिक रिटर्न) आम्ही करायचो. ट्रकच उभे राहिले तर ऑइल कुठून बदलणार? उधारी तिकडेच अडकली, आणि मागायला कुठल्या तोंडाने जाणार, त्यांच्या दारात बँकवाले बसलेले. पार्टनरला घर चालवायचं होतं, तो परत नोकरीला लागला. सिलिंडर मात्र माझ्याकडे ठेवून गेला.

आम्ही असे आडवे असतानाच दुसरा एक ऑडिटवाला आला. नाव घेत नाही, लाईनमधल्यांना कळेलच. किनारपट्टीच्या हॉटेलांना जवळजवळ फुकटात ऑडिट. फुकट कसं परवडतं म्हणाल तर ऑडिटच्या शेवटी कंपोस्टिंग मशीनची शिफारस, आणि ते मशीन विकणारा हाच! २०१६ च्या नियमात रोज १०० किलोच्या वर कचरा म्हणजे बल्क जनरेटर, मोठा कचरा करणारा, एवढं सांगून हॉटेलवाल्याला घाबरवायचं आणि मोठं मशीन गळ्यात मारायचं. आमचं एक जुनं हॉटेल असंच गेलं. तिथे आम्ही तीन ड्रम ठेवून ओला कचरा वेगवेगळा तोलला होता, स्टोअरमध्ये खराब झालेला, कापणीचा आणि बुफेतून परत आलेला. सगळ्यात जड ड्रम सकाळच्या बुफेचा, म्हणून शेफला सांगितलं की साडेनऊनंतर मोठे ट्रे भरू नकोस, छोटे ठेव. ड्रम हलका झाला, आणि उरलेलं डुकरांच्या फार्मवाला नेत होताच. त्या जागी आता एक भलं मोठं मशीन अर्धं रिकामं हीटर चालवत बसलंय. आणि त्याने भरलेल्या फॉर्म पाचमध्ये, देवाशपथ सांगतो, हॉटेलच्या घातक कचऱ्यात 'स्पेंट सॉल्व्हंट' (वापरलेलं रासायनिक द्रावक) लिहिलेलं! कुठल्यातरी औषध कंपनीचा फॉर्म कॉपी केलेला. मॅनेजरने सही केली होती, कोणी वाचलं असेल तर शपथ.

म्हणून सांगतो, कोणी विचारलं नाही तरी सांगतो. मशीन विकणाऱ्याकडून ऑडिट करून घेऊ नका. आधी निदान एक आठवडा स्वतःच्या माणसाने तोला, रविवार धरून, चार्टर विमानांनी टुरिस्ट येतात त्या सीझनला वेगळं आणि पावसात वेगळं, आणि वही किचनमध्ये टांगा, ऑफिसात नको.

आम्हाला वाचवलं ते लॉकडाऊनने, ऐकायला विचित्र वाटेल. हॉटेलं बंद, एसटीपी उपाशी, बॅक्टेरिया मरून सगळ्या टाक्या मेल्या. हॉटेलं उघडल्यावर टाक्या जिवंत करायला माणूस मिळेना, मशीन विकणाऱ्याला ते काम कुठे येतंय. शेण, गूळ, दुसऱ्या चालू एसटीपीचा गाळ टँकरने आणून ओतायचा, आणि रोज सिलिंडर भरून बघायचं. पार्टनर सुट्टीच्या दिवशी यायचा, पैसे घ्यायला तयार नाही, शेवटी त्याच्या बायकोच्या हातात दिले.

आता २०२५ चे एन्व्हायर्नमेंट ऑडिट रूल्स आलेत, रजिस्टर्ड ऑडिटर, आणि कोणाकडे कोण जाणार ते रँडम ठरणार. गिऱ्हाईकाने आपल्या मर्जीतला माणूस निवडायची सोय त्यात नाही, मला तरी हे पटलं. गेल्या महिन्यात त्याच हॉटेलचा नवा मॅनेजर फोन करून म्हणाला, पात्रांव (म्हणजे साहेब), मशीन लाईट फार खातंय, जरा बघून जा. कोटेशन पाठवलंय, जुन्या रेटने नाही.